तांब्याच्या साळुंक्या

एका राज्यात कुलूप कोणी पाहिले नव्हते. लोहार होते, लोखंड होते, पण कुलूप घडवून द्या म्हणून कोणी आलेच नाही. तेव्हा लोहारांनी नांगराचे फाळ घडवले, विळे घडवले, चुलीचे चिमटे घडवले आणि सुखाने राहिले.

त्या राज्याच्या मधोमध एक गोल कोठार होते. दार होते, पण दाराला कडी नव्हती. सुगीला ज्याने त्याने आपल्या शेतातला वाटा आणून तिथे ओतावा आणि वर्षभर ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, अशी रीत होती. मोजायला कारकून नव्हता, अडवायला शिपाई नव्हता. नियम एकच होता. टोपली भरून निघालेल्या माणसाने उंबऱ्याशी थांबायचे, भरल्या टोपलीतून मूठभर जोंधळा काढायचा आणि परत राशीवर टाकायचा. या रीतीला 'मूठ परत' म्हणत.

आता कोणी शहाणा विचारील, मुठीने असे काय होते? राशीचे काही होत नाही, हे खरे. पण टोपली भरली तरी माझा हात माझ्याच ताब्यात आहे, हे त्या माणसाला रोज एकदा कळत असे. ज्याचा हात त्याच्या ताब्यात, त्याचे राज्य त्याच्या हातात, असे त्या मुलखातल्या म्हाताऱ्या म्हणत. राजा भद्रसेनही आपली टोपली घेऊन कोठारावर येई. दिवस मावळताना शेवटची मूठ त्याची असे, आणि ती पडली की मगच राज्यातल्या चुली पेटत.

एके साली पावसाने ओढ दिली. रास नेहमीपेक्षा लवकर उतरू लागली. मग कुजबूज सुरू झाली. कोणीतरी मूठ परत टाकत नाही. कोण? नाव कोणालाच ठाऊक नव्हते, पण संशय प्रत्येकाला होता. एके सकाळी सगळी प्रजा राजवाड्यापुढे जमली.

"महाराज, पहारा बसवा!" म्हाळोजी नावाचा एक धिप्पाड गृहस्थ सर्वांत मोठ्याने ओरडत होता. "माझ्या घराचे राहू द्या. माझ्या शेजाऱ्याच्या घरावर बसवा."

"माझेही राहू द्या," शेजारी म्हणाला, "या म्हाळोजीच्या घरावर बसवा."

प्रत्येकाचे मागणे हेच. स्वतःवर पहारा कोणालाच नको होता, शेजाऱ्यावर सर्वांना हवा होता. राजा भद्रसेन त्या दिवशी थकलेला होता. नाही म्हणायला बळ लागते, ते त्याच्यापाशी तेव्हा नव्हते. आणि नेमका त्याच वेळी गर्दीतून एक उंच, सडपातळ मनुष्य पुढे आला. पाठीवर भले मोठे पोते, आणि पोत्यात खणखण. तो अंकुशनाथ नावाचा जादूगार होता.

"महाराज, पहारा मी देतो."

"मोल काय घेशील?"

"घरटी रोज मूठभर जोंधळा, माझ्या पक्ष्यांच्या चाऱ्याला. कोठारात परत टाकता तीच मूठ."

"पहारा कोणाच्या घरावर बसवशील?"

"ज्याने ज्याचे नाव घेतले, त्याच्या घरावर."

लोकांनी आनंदाने नावे घेतली. अंकुशनाथाने पोते उघडले. आतून तांब्याच्या साळुंक्या उडाल्या, गुंजांचे डोळे, पात्यांचे पंख. एकेका नावाबरोबर एकेक साळुंकी एकेका छपरावर जाऊन बसली. आणि प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा शेजारी असतोच, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. संध्याकाळपर्यंत एकही छप्पर मोकळे उरले नाही. राजवाड्याच्या कळसावरसुद्धा एक बसली.

कोणी चुकीच्या वाटेने हात नेला, की साळुंकी ओरडे, "पाहिले! पाहिले!" मग माणूस हात मागे घेई. चोरी थांबली, भांडण थांबले, बाजारात तराजूचा काटा सरळ राहू लागला. लोक एकमेकांना म्हणू लागले, बघा, किती गुणी झालो आपण. राजकन्या विद्युल्लताही खूश होती. नावाप्रमाणेच तिचा राग कडाडून येई. पूर्वी ती दासींवर खेकसे आणि मग दिवसभर हळहळे. आता तोंड उघडण्याआधीच कळसावरून "पाहिले!" येई आणि राग घशातच थांबे. आपण फार शांत झालो, असे तिला वाटू लागले.

अंकुशनाथ राजाला म्हणाला, "महाराज, राज्य आपले आपण चालते आहे. आता आपण उठण्याचे कारण उरले नाही."

राजा सिंहासनावर टेकला. दुसऱ्या दिवशी उठू गेला, तर पाऊल उचलेना. पायाची बोटे दगडाची झाली होती.

वैद्य आले, लेप झाले, काढे झाले. मांत्रिक आले, धूप जळला. दगड चढतच राहिला, घोट्यावर, पोटरीवर. इकडे साळुंक्यांची भूकही वाढली. मुठीवरून त्या पशावर आल्या, पशावरून सुपावर. कोठाराच्या वाटेवर गवत उगवले. आणि हळूहळू लोकांना एक युक्ती सापडली. साळुंकी झोपली की तिच्या डोळ्यांवर फडके टाकायचे. फडके पडले की पाप उरत नसे. ज्या माणसाला पूर्वी आपल्याच मनाची लाज वाटे, त्याला आता फक्त फडक्याची काळजी वाटू लागली. फडके सरकले की साळुंकी ओरडे, मग माणूस पुन्हा सज्जन होई आणि राजाचा दगड बोटभर वर चढे.

कोठाराजवळच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. हाडामांसाचा, खराखुरा. चोच मोठी, बोलणे थोडे. राजकन्या त्याच्याकडे गेली.

"धनेशा, माझे वडील दगड होत आहेत. वैद्य हरले, मांत्रिक हरले."

"हरणारच. रोग त्यांच्या अंगात नाही."

"मग कोठे आहे?"

"राज्यात. साळुंकीच्या धाकाने जे जे चांगले घडते, त्याचा एकेक कण दगड होऊन राजाच्या अंगी लागतो. मनाने घडलेले चांगले राजाला चालवते. धाकाने घडलेले त्याला बसवून ठेवते. दगड डोक्यावर पोहोचला की राजा संपला, राज्य अंकुशनाथाचे."

"साळुंक्या उतरवू कशा?"

"काळ्या डोंगराच्या गुहेत तांब्याचे एक शिंग आहे. शिंग ज्याच्या हाती, साळुंक्या त्याच्या."

"अंकुशनाथाने ते जवळ का ठेवले नाही?"

धनेशाने मान वाकडी केली. "त्याला स्वतःचा भरवसा नाही. ज्याला स्वतःचा भरवसा नाही, तोच दुसऱ्यांना पहारे विकतो. वाटेत तीन ठाणी आहेत, राजकन्ये. पहिल्या ठाण्यावर जीभ सांभाळ, दुसऱ्यावर हात सांभाळ."

"आणि तिसऱ्यावर?"

"ते तिथे कळेल. आता मला जेवू दे, उंबरे पिकली आहेत."

विद्युल्लता वडिलांचा निरोप घ्यायला गेली. दगड गुडघ्यांपर्यंत आला होता.

"बाळ, तू फार रागीट आहेस," राजा म्हणाला.

"आपलीच लेक आहे, बाबा."

राजा हसला. मग त्याचे डोळे भरून आले. "पहारा मागणारे ते होते. पण देणारा मी होतो. हे ध्यानात ठेव, आणि जा."

राजकन्या निघाली. राज्याची शीव ओलांडली तशी साळुंक्यांची ओरड मागे पडली. पुढे एक काळी नदी होती. काठाला नाव आणि नावेत एक खप्पड गालांचा नावाडी.

"पलीकडे नेशील?"

"नेतो. ही नाव वल्ह्याने चालत नाही, बसणाऱ्याच्या गप्प राहण्याने चालते. तोंडातून शब्द निघाला की ती मागे फिरते."

"एवढेच?"

"एवढेच," नावाडी म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

नाव निघाली तशी त्याने तोंड सोडले. राजकन्येच्या नाकाला नावे ठेवली, चालण्याला ठेवली, तिच्या आजीच्या स्वयंपाकाला ठेवली. ती गप्प राहिली. मग तो म्हणाला, "बाप कसला तुझा! मूठभर जोंधळ्याला राज्य विकणारा नेभळट!"

"जीभ हासडीन!" विद्युल्लता कडाडली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाव पुन्हा अलीकडच्या काठाला.

दुसऱ्यांदा बसली. दुसऱ्यांदाही तेच झाले, तेही नदीच्या मध्यावर पोहोचण्याआधी. राजकन्या काठावर उतरली आणि गुडघ्यांत डोके घालून रडली. घरी आपण किती शांत होतो, आणि इथे एका नावाड्यापुढे ही गत! मग रडता रडता तिला उमगले. घरी ती राग गिळत नव्हतीच. कळसावर साळुंकी होती म्हणून तो घशात अडकत होता. इथे कळस नव्हता, साळुंकी नव्हती. होती ती फक्त विद्युल्लता, आणि तिला स्वतःला आवरायची सवयच राहिली नव्हती. हे कळल्यावर तिला लाज वाटली, पण धीरही आला. सवय मोडली असेल, तर लावताही येईल.

तिसऱ्यांदा नावेत बसताना तिने पाहिले, नावेच्या तळाला चीर होती आणि पाणी आत येत होते. शेजारी एक करवंटी पडली होती. नाव निघाली, नावाड्याने तोंड सोडले, आणि राजकन्येने करवंटीने पाणी उपसायला घेतले. हात कामाला लागले की जिभेला फावत नाही. तो नाकाविषयी बोलला, तिने पाणी उपसले. आजीविषयी बोलला, तिने पाणी उपसले. मग बापाविषयी बोलला. तिचा हात क्षणभर थांबला. बाबांनी पहारा घेतला हे खरे होते. खरे ऐकूनच राग आला होता. तिने तो रागही करवंटीत भरला आणि नदीत फेकून दिला.

नाव पलीकडच्या काठाला लागली. नावाडी घाम पुसत म्हणाला, "माझ्या शिव्या संपल्या. पहिल्यांदाच संपल्या."

"आता नवीन शोधण्यापेक्षा चीर बुजव," राजकन्या म्हणाली आणि उतरून चालू लागली.

पुढे अरण्य लागले. बरोबरची शिदोरी कधीच संपली होती. चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा झाडांमधून एक खोपट दिसले. दार उघडे होते. आत माणूस नव्हते. चुलीवर कुळथाचे पिठले रटरटत होते, टोपलीत भाकऱ्यांची चवड होती आणि वाडग्यात लोण्याचा गोळा. कोपऱ्यात एक मांजर बसले होते.

"खा की," मांजर म्हणाले. "इथे साळुंकी नाही."

"घरधनीण कोठे आहे?"

"येईल तेव्हा येईल. मी डोळे मिटतो हवे तर."

राजकन्या उंबऱ्यावर बसली. वास नाकात शिरत होता, पोटात कावळे ओरडत होते. तिने तोंड बाहेर फिरवले. वारा तिकडूनही वास घेऊन आला. अखेर ती उठली, चुलीपाशी गेली. मांजराने एक डोळा उघडला. पिठले उतू चालले होते. राजकन्येने ते खाली उतरवले, भांड्यावर झाकण ठेवले आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली.

दिवस कलल्यावर झाडे मोडल्याचा आवाज झाला आणि एक राक्षसीण दारातून वाकून आत आली. तिचे दात विळ्यांसारखे होते.

"माझ्या पिठल्याला हात कोणी लावला?"

"मी लावला. उतू जात होते."

"चाखलेस?"

"नाही."

"का?"

"वाढले नव्हते."

राक्षसीण अशी हसली की खोपटाचे गवत झडले. तिने फळीकडे बोट दाखवले. फळीवर बरण्या होत्या, आणि बरण्यांत राजपुत्र. न विचारता जेवले, त्यांचे लोणचे झाले होते.

"यांना सोडणार नाहीस?" राजकन्येने विचारले.

"सोडीन. अजून मुरले नाहीत," राक्षसीण म्हणाली आणि पाट मांडला. "बस. आता वाढते."

राजकन्या पोटभर जेवली. उठताना तिने पानातल्या अखेरच्या भाकरीचा एक तुकडा मोडला आणि टोपलीत परत ठेवला.

"हे काय?"

"आमच्याकडची रीत. भरल्यावर थोडे परत."

राक्षसिणीने टोपली जपून झाकली. मग तिचा आवाज उतरला. "ऐक, पोरी. गुहा त्या टेकाडामागे आहे. आत सोने दिसेल, त्याला हात लावू नकोस. ते सोने म्हणजे तुझ्याआधी तिथवर पोहोचलेली माणसे आहेत. शिंग खुंटीला टांगले आहे, ते उचल. उचलणे सोपे आहे. पण वाजवू नकोस. वाजवलेस की साळुंक्या तुझ्या होतील, आणि तू साळुंक्यांची होशील."

"अंकुशनाथाने वाजवले होते?"

"एकदाच. तेही चांगल्या कामासाठी."

राजकन्या गुहेत गेली. सोने होते, ढिगाने होते, आणि नीट पाहिले तर ढिगांना कान होते. ती त्यांच्यामधून जपून चालत गेली, शिंग खुंटीवरून काढले, पदराखाली घेतले आणि परतीच्या वाटेला लागली. शिंग ऊबदार होते. वाटेने ते तिच्या कुशीत पुटपुटत होते. थकून बसली की म्हणे, "एकदाच." ठेच लागली की म्हणे, "एकदाच." तिसरे ठाणे गुहेत नव्हतेच. ते तिच्याबरोबर चालत होते.

ती नगरात शिरली तेव्हा नगर ओळखू येईना. माणसे वाळली होती आणि छपरांवर साळुंक्या हंड्यांएवढ्या फुगल्या होत्या. ती धावत राजसभेत गेली. दगड राजाच्या ओठांवर पोहोचला होता. उघडे होते ते फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांनी लेकीला पाहिले. विद्युल्लतेच्या तोंडून "बाबा" एवढेच निघाले.

सिंहासनाच्या पायरीवर अंकुशनाथ बसला होता. त्याने शिंग ओळखले आणि तो दचकला नाही, उलट हसला.

"ये, राजकन्ये. वाजव."

प्रधान विश्वंभर पुढे आला. तो भला माणूस होता. तो हात जोडून म्हणाला, "राजकन्ये, माझेही तेच सांगणे आहे. एकदाच वाजवा. साळुंक्यांना आज्ञा करा, लोकांकडून कोठार भरून घ्या. राज्य सावरेल. मग हवे तर शिंग मोडा."

"साळुंक्यांच्या धाकाने भरलेले कोठार बाबांना उठवील?"

प्रधानाने जोडलेले हात खाली सोडले. मग हळूच म्हणाला, "आणि साळुंक्या गेल्यावर लोकांनी लूट केली तर?"

"तर बाबा जातील," विद्युल्लता म्हणाली. "आणि वाजवले तर बाबाही जातील आणि लोकही. प्रधानजी, ही माणसे शिंगाआधीही होती. तेव्हा कोठाराला कडी नव्हती. मी त्यांच्यावर भरवसा ठेवते."

ती चौकात आली. मागे सारी सभा आली, सभेमागे अंकुशनाथ आला. कोठाराच्या उंबऱ्याचा काळा दगड समोर होता. शिंग शेवटचे म्हणाले, "एकदाच." राजकन्येने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि उंबऱ्यावर आपटले.

शिंग फुटले. त्याबरोबर राज्यातल्या साऱ्या साळुंक्या वाळल्या शेंगांसारख्या तडकल्या आणि त्यांच्या पोटांतून जोंधळा कोसळू लागला. आजवर खाल्लेली मूठ न् मूठ, पसा न् पसा. छपरांवरून जोंधळ्याच्या धारा अंगणात आल्या, अंगणांतून रस्त्यावर आल्या.

उपाशी लोक क्षणभर थिजले, आणि मग तुटून पडले. कोणी धोतराचा ओचा भरला, कोणी पागोटे पसरले. हा दाणा माझ्या छपरावरचा, तो तुझ्या छपरावरून माझ्या अंगणात आला, असे शेजारी शेजाऱ्याशी भांडू लागले. दोघांनी एक सूप दोन्हीकडून ओढले आणि ते फाटले.

"पाहिले?" अंकुशनाथ म्हणाला. आता साळुंक्या नव्हत्या, म्हणून त्याला स्वतःच म्हणावे लागले.

विद्युल्लतेच्या मस्तकात तिडीक गेली. तिकडे बाबांचे डोळे दगडाखाली जात असतील आणि इकडे हे सुपासाठी भांडत आहेत! आज्ञा तिच्या ओठांवर आली. "थांबा, नाही तर..." एवढे म्हणायचाच अवकाश होता. ती राजाची लेक होती, लोक थांबलेही असते. पण मग ते तिच्या धाकाने थांबले असते. कळसावर साळुंकी बसली काय आणि राजकन्या बसली काय, दगडाला सारखेच.

तिला नाव आठवली, करवंटी आठवली. तिने ओठ मिटले आणि हात कामाला लावले. राजवाड्याच्या कळसाखाली जोंधळा सांडला होता. तिथे जाऊन तिने एक मूठ उचलली, गर्दीतून वाट काढत कोठारात गेली आणि ती आत टाकली.

कोठार रिकामे होते. रिकाम्या कोठारात मूठभर दाणे पडले, त्याचा आवाज साऱ्या चौकात ऐकू गेला.

तो आवाज लोकांच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी तो ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते. एकाने सूप सोडले. दुसऱ्यानेही सोडले. राजकन्या दाराच्या एका बाजूला जाऊन उभी राहिली. बोलली नाही, खुणावले नाही. चौक इतका शांत झाला की उंबरावर धनेशाने पंख झाडले तेही कळले.

मग गर्दीतून म्हाळोजी पुढे आला. त्याचा ओचा भरलेला होता. तो कोठारात गेला, मूठभर जोंधळा टाकला आणि परत फिरला. उंबऱ्यावर त्याचे पाऊल अडले. तो पुन्हा आत गेला आणि आणखी एक मूठ टाकली.

"त्या साली मूठ परत न टाकणारा मी," तो म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते. "एकदा टाकली नाही, ते कोणी पाहिले नाही. म्हणून मग पुन्हा टाकली नाही. पहारा मागताना सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो."

कोणीतरी रागाने पुढे सरकले. पण चिमाबाई नावाची एक विणकरीण मध्येच म्हणाली, "एकट्याचा आव आणू नकोस, बाबा. मीही टाकली नव्हती. पाऊस नव्हता, मला भीती वाटली होती."

"मीही," म्हाळोजीचा शेजारी म्हणाला.

"मीही," मागून आवाज आला, आणि मग इतक्या ठिकाणांहून आला की लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. ज्याने त्याने शेजाऱ्यावर संशय घेतला होता, कारण जो तो स्वतःला ओळखत होता. हसता हसता कित्येकांचे डोळे पुसले गेले. मग कोणी न सांगता रांग लागली. चिमाबाईने दोन मुठी टाकल्या. फाटके सूप दोघांनी दोन्हीकडून धरून आणले. रास वाढू लागली.

राजसभेत दगड तडकला. आधी ओठांवरचा गळला, मग छातीवरचा. सेवक धावले, प्रधान धावला. राजा भद्रसेनाने कोरड्या जिभेने पहिले वाक्य उच्चारले.

"माझी मूठ राहिली आहे."

तो उठला. अनवाणी, दगडाचे टवके सांडत, तो पायऱ्या उतरून चौकात आला. दिवस मावळत होता. लोकांनी वाट दिली. विद्युल्लतेने वडिलांच्या ओंजळीत जोंधळा दिला, आणि वडिलांनी त्यातली एक मूठ राशीवर टाकली. त्या संध्याकाळी राज्यातल्या सगळ्या चुली पेटल्या.

अंकुशनाथाला कोणी मारले नाही, कोणी बांधले नाही. तो उपाशी होता, म्हणून लोकांनी त्यालाही टोपली भरून दिली आणि म्हणाले, "जा सुखाने. फक्त उंबऱ्यावर मूठ परत टाक." त्याने मूठ भरली, हात पुढे केला, पण मूठ उघडेना. त्याने ओढाताण केली, दुसऱ्या हाताने बोटे सोडवून पाहिली. जन्मभर दुसऱ्यांना आवरणाऱ्याला स्वतःची मूठ सोडता आली नाही. तो तिथेच उभा राहिला, आणि उभ्या उभ्या तांब्याचा झाला. अजून तो कोठाराच्या दाराशी आहे. आत जाणाऱ्या बायका त्याच्या दंडाला छत्र्या अडकवतात.

गुहेतल्या सोन्याची माणसे झाली आणि घरी गेली. राजपुत्रही यथावकाश मुरले, राक्षसिणीने त्यांना सोडले. फुटलेल्या साळुंक्यांचे तांबे लोहारांनी वितळवले. राजाने विचारले, याचे काय घडवाल? लोहारांनी कुलूप घडवले नाही. त्यांनी घरटी एकेक माप घडवले, ज्याचे त्याने मोजायला. विद्युल्लता पुढे राणी झाली. तिला राग येई तेव्हा ती विहिरीवर जाऊन पाणी उपसत असे, आणि तिच्या कारकिर्दीत राजवाड्याच्या बागेला पाण्याची कधीच वाण पडली नाही.

तर मंडळी, माझ्या कोठाराला कडी नाही. तुम्ही आलात, टोपलीभर गोष्ट घेतलीत, कोणी मोजली नाही. आता उंबऱ्याशी या, आणि निघण्याआधी मूठभर परत टाका.